खालची टाकी

अण्णांनी कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवलं, पट्टीला टेकवलं आणि एका दमात ओढलं. काचेवर केसाएवढी रेघ उमटली. मग काच उचलून त्यांनी रेघ बरोबर टेबलाच्या कडेवर आणली, तळहात सपाट ठेवले आणि खाली दाबलं. टक्. एकही कपची न उडता काचेचे दोन तुकडे झाले.

"झालं?" स्वयंपाकघरातून माईंनी विचारलं.

"एक झाली. अजून सात."

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर चौपदरी घालून त्यांनी हा कारखाना मांडला होता. टेबल अडवलं म्हणून कोणी कुरकुरलं नाही, कारण त्या टेबलावर अण्णा, माई आणि सून अशा तिघांनी एकत्र बसून जेवणं कधीच थांबलं होतं. ज्याला भूक लागेल त्यानं ताट वाढून घ्यावं, असं न ठरवता ठरून गेलं होतं. अण्णांनी अडतीस वर्षं काचेचं दुकान चालवलं. आसपासच्या चार रस्त्यांवरच्या खिडक्या, आरसे, शोकेस त्यांच्या हातची होती. दुकान बंद करून दोन वर्षं झाली, तरी हात काही विसरले नव्हते. बाकी काय काय विसरलं आहे, ते अण्णांनी तपासून पाहिलं नव्हतं.

टेबलासमोर, हॉलच्या लांब भिंतीला लागून, चार फुटी टाकी होती. गोड्या पाण्याची नव्हे, समुद्राच्या पाण्याची. अण्णांच्या मुलानं सहा वर्षं खपून ती जमवली होती. बादलीत मीठ मोजून कालवायचं, भिंगातून खारेपणा बघायचा, दगड रचायचे, त्या दगडांवर बोटाएवढे कोरल चिकटवायचे आणि ते तळहाताएवढे होईपर्यंत वर्षभर वाट पाहायची. समुद्र इथून लांब. पण या घरात पाऊल टाकलं की नाकाला पहिल्यांदा ओल्या मिठाचा वास येई.

अकरा महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, ऑफिसचा जिना चढताना दम लागला म्हणून मुलगा पायरीवर बसला, तो उठलाच नाही. छत्तीस वर्षांचा होता. त्यानंतरची सगळी धावपळ अण्णांनी केली. दाखले आणले, सह्या केल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारलं. लोक खांद्यावर हात ठेवून म्हणत, "अण्णा, रडून घ्या. मोकळे व्हा." अण्णा मान हलवत. डोळ्यातून टिपूस आलं नाही. उशिरा येईल, असं त्यांना वाटलं होतं. मग वाट पाहणंही सुटलं.

टाकी सुनेनं सांभाळली. ती हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची. सकाळी कामाला जाण्याआधी उठून ती टाकीत आटलेलं पाणी भरे, माशांना खायला घाली, काचेवरचं शेवाळ खरवडे, काठावर साचलेलं मीठ फडक्यानं पुसे. रविवारी दोन बादल्या जुनं पाणी काढून दोन बादल्या नवं घाली. सगळं मुकाट्यानं. संध्याकाळी परत आली की ती टाकीसमोर बसे. मग माई येऊन बसत. अण्णा आपल्या खुर्चीत असतच. एकमेकांकडे बघण्यापेक्षा टाकीकडे बघणं तिघांनाही सोपं जात असावं.

महिन्यापूर्वी टाकीच्या पाठीला टांगलेला फिल्टर घरघरू लागला. कोरल मिटून बसले. माशांच्या दुकानाचे मालक घरी आले, त्यांनी बाटलीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले, रंग बघितला आणि मान हलवली.

"या टांगत्या डब्यानं आता भागायचं नाही," ते म्हणाले. "खाली एक संप करून घ्या."

त्यावर तिघांपैकी कोणी काही बोललं नाही. दुकानदारांना वाटलं, शब्द कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं की संप म्हणजे खालच्या कपाटात ठेवायची दुसरी टाकी. वरचं पाणी खाली येतं, गाळलं जातं, पुन्हा वर जातं. पण शब्द तिघांनाही माहीत होता. मुलानं काचेच्या दुकानाच्या शेवटच्या वर्षात तोच हट्ट धरला होता. "अण्णा, मला एक संप करून द्या." आणि अण्णा म्हणाले होते, "संप कामगार करतात. आपण धंदेवाली माणसं." दुसऱ्यांदा म्हणाले होते, बघू. तिसऱ्यांदाही बघू.

"अण्णा, तुम्ही कराल?" सुनेनं विचारलं होतं.

"करीन," अण्णा म्हणाले होते. इतक्या पटकन, की दुकानदारांनीही त्यांच्याकडे वळून पाहिलं.

सुनेनं मापं घेऊन चित्र काढून दिलं. तीस इंच लांब, चौदा रुंद, पंधरा उंच. आत तीन आडव्या भिंती, त्यातल्या दोन अगदी जवळजवळ, म्हणजे कप्पे तीनच. वरचं पाणी पहिल्या कप्प्यात पडणार. तिथं कापडाची लांब पिशवी मळ अडवणार, आणि एक यंत्र उरलेली घाण फेसासारखी वर काढणार. मधल्या कप्प्यात दगड आणि शेवाळ. शेवटच्या कप्प्यात पंप, तो पाणी पुन्हा वर ढकलणार. कापडी पिशवीला तिनं बाण काढून 'मोजा' असं लिहिलं होतं. माशांना पाय नाहीत आणि मोजे कसले, असं एरवी अण्णा म्हणाले असते.

त्यांना चित्रात एकच गोष्ट खटकली.

"हे शेवटच्या कप्प्यात काय?"

"फ्लोट. गच्चीवरच्या टाकीत असतो ना, तसा. पाणी आटलं की बाजूच्या कॅनमधून आपोआप येईल."

"तू रोज सकाळी घालतेसच की तांब्याभर."

"असू दे ना. सोपं पडेल."

"कोणाला?"

तिनं पेन्सिलीचं टोक बोटानं चाचपलं. "सगळ्यांनाच," ती म्हणाली आणि कामाला निघून गेली.

आठही काचा कापून झाल्यावर अण्णांनी दगडानं त्यांच्या कडांची धार मोडली. मग त्यांना पाइपाच्या जागेचं माप हवं झालं. ते चित्राच्या दुसऱ्या पानावर होतं, आणि दुसरं पान टेबलावर नव्हतं. सून कामावर होती. अण्णांनी टाकीखालचं कपाट उघडलं. मिठाची बादली, माशांच्या खाण्याचे डबे, खरवडणी, आणि त्यामागे शाळेच्या पोरांची असते तशी एक आखीव वही.

अण्णांनी वही उघडली. अक्षर सुनेचंच होतं, पण तिचं अक्षर मुंगीसारखं, आणि हे बोरांएवढं. एक ओळ सोडून एक लिहिलेलं. माईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यांना वाचता यावं म्हणून कोणी लिहावं, तसं.

"रोज: काही करायचं नाही. फक्त बघायचं.

मंगळवार आणि शुक्रवार: मोजा काढून धुवायचा. साबण लावायचा नाही. माईंनी वाकू नये, अण्णांनी काढावा.

दर पंधरा दिवसांनी दुकानवाले काका येऊन पाणी बदलून जातील. मी बोलले आहे.

लाइट गेले तर घाबरू नका."

असं चार पानं भरून. शेवटी चौकटीत तिचा फोन नंबर. तो नंबर या घरात सगळ्यांना पाठ होता. एकाच घरात राहणाऱ्या माणसाचा नंबर कोणी वहीत लिहून ठेवत नाही.

अण्णा तिथंच, कपाटासमोर, जमिनीवर बसून राहिले. बोटावर हातोडी बसते तेव्हा क्षणभर काहीच वाटत नाही, मग कळ येते. त्या कळेसाठी ते थांबले. फिल्टर घरघरत होता. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. कळ काही आली नाही. मग त्यांनी वही होती तिथं ठेवली आणि चित्राचं दुसरं पान शोधलं. ते बादलीच्या झाकणाखाली होतं.

माई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या.

"सून जाणार आहे?" अण्णांनी दारातून विचारलं.

माईंचे हात थांबले नाहीत. "एक तारखेला. परगावी. मोठं हॉस्पिटल आहे, तिथं एक्स-रे विभाग सगळा हिच्याच हाताखाली असेल. पत्र येऊन पंधरा दिवस झाले."

"तुला केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी. ती नाहीच म्हणत होती. मीच म्हटलं, जा. बत्तीस वर्षांची पोर, आपल्या दोघांची तोंडं बघत किती दिवस बसणार?"

"मला कोणी बोललं नाही."

"तुम्हाला काय सांगायचं?" माईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ती दोनदा सांगायला म्हणून तुमच्यापुढं येऊन उभी राहिली. काय बोलायचं हेच विसरून परत आली. आणि सांगितलं असतं तरी तुम्ही काय म्हणणार? बरं. घर पेटलंय म्हणून सांगितलं तरी हल्ली तुम्ही बरंच म्हणता."

"बरं," अण्णा म्हणाले.

तो शब्द दोघांनाही ऐकू आला. माई पुन्हा भाजीकडे वळल्या. अण्णा टेबलाकडे गेले.

काचा जोडायला त्यांनी सगळी दुपार घेतली. आधी तळ, मग मागची लांब काच, मग दोन्ही कुशीच्या, मग पुढची. कडेला कागदी पट्टी चिकटवायची, सिलिकॉनची अखंड रेघ ओढायची, काच बसवायची, ओल्या बोटानं एकाच हातासरशी सांधा निपटायचा, आणि सिलिकॉनवर साय धरायच्या आत पट्टी सोलायची. यात चुकारपणा चालत नाही. अर्ध्यावर हात थांबला तर तिथं डोळा राहतो आणि तिथूनच पुढे पाणी पाझरतं. अण्णांचा हात थांबला नाही. घरभर सिलिकॉनचा आंबट वास पसरला, सुनेनं आल्याबरोबर सगळ्या खिडक्या उघडल्या, टाकीभोवती एक चक्कर मारली.

"किती सुरेख झालीय," ती म्हणाली.

"चार दिवस हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले. तिच्या जाण्याबद्दल बोलायला ही वेळ चांगली होती. तिनंही तोंड उघडलं होतं. पण अण्णा सांध्यावर वाकून काहीतरी बघू लागले, आणि ती आत गेली.

त्या चार दिवसांत अण्णांनी मनाशी एक ठरवलं. टाकी मुलाची, म्हणजे आता तिची. तिनं ती इथं सोडून जावी, आपल्या माघारी म्हाताऱ्यांचं मन रमावं म्हणून वह्या लिहाव्यात, हे बरोबर नाही. तिच्याबरोबर टाकी गेली पाहिजे. त्यांनी पट्टी घेऊन दाराची रुंदी मोजली, लिफ्टची खोली मोजली. त्यांच्या काचा अडतीस वर्षं वाहून नेणारा टेम्पोवाला होता, त्याला फोन केला. "माल जिवंत आहे," अण्णांनी सांगितलं. "जिवंत?" टेम्पोवाला म्हणाला. "अण्णा, तुम्ही बरे आहात ना?" कितीतरी दिवसांनी कोणी हा प्रश्न निव्वळ विचारायचा म्हणून नाही, तर खरोखर काळजी वाटून विचारला होता.

रविवारी सकाळी खालची टाकी कपाटात बसली. अण्णांनी वरच्या काठावर पाणी उतरायची पेटी टांगली, पाइप जोडले, पंपाचा पाइप मागून वर नेऊन त्याचं तोंड पाण्यात खोल सोडलं. सुनेनं बटण दाबलं. पाणी आधी अडखळलं, मग मोज्यातून सळसळत खाली आलं, एक भिंत ओलांडून दुसरीखालून गेलं, आणि थोड्या वेळानं वरच्या टाकीत पुन्हा येऊन पडलं. फेसाच्या यंत्रानं पहिला तपकिरी बुडबुडा वर काढला. सांध्यांवर अण्णांनी कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

"आता लाइट गेल्यावर काय होतं ते बघू," सून म्हणाली आणि तिनं बटण बंद केलं.

पंप थांबला. पेटीतून उतरणारं पाणी हळूहळू कमी होत थांबलं. दोघं समाधानानं खाली वाकून बघत होती, आणि खालच्या टाकीतलं पाणी मात्र चढतच होतं. एक बोट. दोन बोटं. शेवटची भिंत बुडाली.

"हे कुठून येतंय?" ती म्हणाली.

अण्णांना ते कळायला पाच-सहा सेकंद लागले आणि तेवढ्यात पाणी काठावर आलं. पंपाचा पाइप उलटा वाहत होता. त्याचं तोंड वर पाण्यात बुडालेलं, खाली पंप थांबलेला. पाणी आलं त्याच वाटेनं परत येत होतं आणि येतच राहणार होतं. कपाटातून पहिली धार जमिनीवर आली, वायरींच्या बोर्डाच्या दिशेनं निघाली.

"चालू करू?"

"बटणाला हात लावू नकोस!" अण्णा ओरडले. "मागं हो!"

भिंतीतला प्लग त्यांनी उपटला. ती मात्र मागं झाली नाही. तिनं स्टुलावर पाय दिला, कोपरापर्यंत हात वरच्या टाकीत घातला आणि पाइपाचं तोंड पाण्याबाहेर उचललं. घोटभर हवा आत गेल्याचा आवाज झाला, आणि पाणी थांबलं. पण तोवर हॉलभर समुद्र झाला होता. गालिच्याखालून, खुर्च्यांच्या पायांमधून, दाराच्या उंबऱ्यापर्यंत.

"फडकी आणा, फडकी!" सून म्हणाली.

माई स्वयंपाकघरातून धावत आल्या, पाण्यात पाय पडला तशा थबकल्या, आणि हॉलच्या कोपऱ्यातलं जवळचं कपाट उघडून त्यांनी हाताला लागेल तो कपड्यांचा गठ्ठा ओढला आणि पाण्यात टाकला. मग दुसरा. मग त्या स्वतःही खाली बसून दोन्ही हातांनी ते कपडे पाण्यावर फिरवू लागल्या.

ते शर्ट होते. मुलाचे. इस्त्री करून घड्या घातलेले, अकरा महिन्यांत कोणी हात न लावलेले. ते कपाट कोणी उघडत नसे. माईंना दिसलं नव्हतं, की दिसूनही त्यांनी ओढले, हे कोणी विचारलं नाही. विचारायला वेळही नव्हता. पाणी उंबरा ओलांडायला निघालं होतं. सुनेनं एक उचलला आणि उंबऱ्याला लावला. अण्णांनी एक उचलला. निळ्या चौकड्यांचा होता. तो त्यांनी पाण्यात बुडवला, पिळला, बादलीत धार सोडली. पुन्हा बुडवला, पिळला. तिघं गुडघ्यांवर बसून हॉलच्या तीन बाजूंनी मध्याकडे येत होती.

"स्स्," अण्णांनी हात झटकला.

"काय झालं?" माई म्हणाल्या.

"सकाळी पेटी बसवताना बोट कापलं होतं. झोंबतंय."

"मीठ आहे ते. झोंबणारच." माईंनी त्यांचा हात ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, उलटसुलट करून बघितला. त्यांना त्यात काय दिसलं कोण जाणे. पण हात लगेच सोडला नाही.

"एक तारखेला टेम्पो येईल," अण्णा म्हणाले. ते जमिनीकडे बघत बोलत होते. "आपला नेहमीचाच आहे, काच कशी न्यायची त्याला ठाऊक आहे. वरची टाकी, खालची टाकी, सगळं सुटं करून देतो. तिकडे येऊन जोडूनही देईन."

सुनेच्या हातातली बाही अर्धी पिळलेली राहिली. "वही बघितलीत."

"हो."

"मी सांगणार होते, अण्णा."

"बरं," ते म्हणाले, आणि मग जोर लावून, जड शटर वर ढकलावं तसं, आणखी थोडं बोलले. "तू जातेस हे चांगलं आहे. जायलाच पाहिजे. पण टाकी तुझी आहे. ती आमच्यासाठी ठेवून जाऊ नकोस."

शर्ट पूर्ण पिळून झाल्यावर तिनं तो झटकला, आणि सवयीनं त्याच्या घड्या घालू लागली, ओल्याच्याच.

"मला नकोय ती," ती म्हणाली.

अण्णांनी वर पाहिलं.

"मला कधीच आवडली नाही. खरं सांगते. लग्न झाल्यापासून माझा एक रविवार कधी माझा नव्हता. मिठाच्या बादल्या, ओले हात, फिरायला जायचं तर मासे कोण बघणार. यावरून किती भांडायचो आम्ही, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात." तिचा आवाज आताही हळूच होता. "नंतर वाटलं, तुम्ही दोघं रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसता. तेवढं एकच राहिलंय तुमच्याकडे. म्हणून करत राहिले."

"मी कुठं बघते?" माई म्हणाल्या. "मला दिसतं तरी काय? रंग हलल्यासारखे वाटतात. तू एकटी बसतेस म्हणून मी येऊन बसते. मी तर त्या टाकीला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघते."

मग दोघी अण्णांकडे बघू लागल्या. अण्णांच्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"माझी खुर्चीच तिकडे तोंड करून आहे," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. पण सुनेनं ओल्या मनगटानं कपाळ पुसलं आणि पाठ भिंतीला टेकवली, कितीतरी तास उभं राहून काम केलेल्या माणसानं टेकवावी तशी. अकरा महिने तीन माणसांनी घरात एक समुद्र जिवंत ठेवला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो दुसऱ्याला हवा आहे.

"मग दुकानवाल्यांनाच देऊन टाकू," शेवटी माई म्हणाल्या. "ते घेऊन जातील. मासे त्यांच्याकडे नीट राहतील."

"हो," सून म्हणाली.

"हो," अण्णा म्हणाले.

तसं ठरलं. पण मासे नेईपर्यंत पाणी तर फिरायला हवं. अण्णांनी ड्रिल आणलं आणि पंपाच्या पाइपाला, वरच्या पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, बारीक भोक पाडलं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरेल आणि उलटी धार तुटेल. एवढीशी गोष्ट, आधी सुचायला हवी होती. बोर्ड पुसून, कोरडा करून, त्यांनी तो खिळ्याला उंच टांगला. सुनेनं बटण दाबलं. पाणी फिरलं. बटण बंद केलं. पाणी खाली आलं, काठापासून चार बोटं खाली थांबलं आणि तिथंच राहिलं. तिघं वाकून बघत होती. पुन्हा चालू केलं.

ओले शर्ट माईंनी बादलीत भरले. दोरीवर वाळत घालायचे की काय करायचं, ते त्या बोलल्या नाहीत.

अण्णा हत्यारं आवरत होते. पट्टी उचलताना त्यांची नजर वरच्या टाकीकडे गेली. या गडबडीत मासे सगळे दगडांमागे दडले होते. आता खालच्या कोपऱ्यात वाळूतल्या एका बिळातून एक डोकं बाहेर आलं. अंगठ्याएवढा मासा, पिवळसर, मोठ्या तोंडाचा. त्याचे गाल टम्म फुगलेले होते. बिळाच्या दाराशी येऊन त्यानं तोंडातली वाळू भस्सकन बाहेर टाकली, आणि वळून आत गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला. पुन्हा तोंडभर वाळू. जवळच एक शंख घरंगळून आला होता. त्यानं तो तोंडानं ढकलत ढकलत हातभर लांब नेऊन ठेवला आणि मागं सरून बघितला.

"हा कोण?" अण्णांनी विचारलं.

"कुठला?"

"हा. गवंडीकाम करणारा."

सून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "तो होय. तो दिवसभर तेच करतो. त्याला नाव आहे."

"माशाला नाव?"

"यांनी ठेवलं होतं." तिनं ओठ मिटले. "जाऊ दे."

"सांग की."

"रागवाल."

"आता काय रागवायचं? सांग."

"अण्णा," ती म्हणाली.

"हं?"

"नाही. तेच."

"तेच काय?"

"तेच नाव. अण्णा." तिचं तोंड हसू की नको अशा बेतात होतं. "ते म्हणायचे, बघ, सकाळपासून काम. तोंड सदा भरलेलं, शब्द म्हणून नाही. आणि कोणी एक खडा जागचा हलवला की झालं. मला बोलावून दाखवायचे. ये लवकर, अण्णा बाहेर आले. मी धावत यायची, तुम्ही खरंच आलात असं वाटून."

मागून एक आवाज आला. माई हातातल्या ओल्या शर्टात तोंड खुपसून हसत होत्या, खांदे हलत होते. हसत होत्या की आणखी काही, ते शर्टामुळे कळत नव्हतं. मग त्यांनी तोंड वर केलं, डोळे पुसले.

"बोलवा मग दुकानवाल्यांना," त्या म्हणाल्या. "फोन लावू का आत्ता?"

अण्णा गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. नाक काचेला लागायच्या बेतात होतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "परत बाहेर येतोय."